पहाट कोणाची? : सकाळच्या शिस्तीचे लेखन आणि त्यातील गृहीत वाचक

प्रस्तावना

सकाळी लवकर उठावे, उठल्यावर ठरावीक कृती ठरावीक क्रमाने कराव्यात आणि त्यायोगे उरलेला दिवस एकाग्रतेने व फलदायी रीतीने घालवावा, असा उपदेश करणाऱ्या पुस्तकांचा एक स्वतंत्र वर्गच आता निर्माण झाला आहे. हॅल एलरॉड यांचे 'द मिरॅकल मॉर्निंग' २०१२ साली प्रसिद्ध झाले. रॉबिन शर्मा यांचे 'द फाइव्ह एएम क्लब' आणि जेम्स क्लिअर यांचे 'अॅटॉमिक हॅबिट्स' ही दोन्ही पुस्तके २०१८ सालची. मूळ इंग्रजी, मराठी अनुवाद आणि त्यांच्या धर्तीवर लिहिलेली मराठी पुस्तके अशा तिन्ही वाटांनी हा विचार आपल्याकडे पोहोचला आहे. जे विद्यार्थी अभ्यासक्रमाबाहेरचे एखादेच पुस्तक वाचतात, त्यांच्या हातातले ते पुस्तक बहुधा याच जातीचे असते, असा ग्रामीण भागातील महाविद्यालयात अध्यापन करताना येणारा अनुभव आहे.

मराठी समीक्षेने मात्र या लेखनाकडे पाठ फिरविलेली दिसते. 'प्रेरणादायी', 'व्यक्तिमत्त्व विकास' अशी लेबले लावून ते वाङ्मयाच्या परिघाबाहेर ठेवले की त्याविषयी बोलण्याची जबाबदारी संपते. परंतु उपदेशपर लेखन हा मराठी वाङ्मयाचा परका प्रांत नाही. मराठीतील कितीतरी थोर ग्रंथ उघडपणे उपदेशपर आहेत, आणि दिवसाची सुरुवात कशी करावी हा प्रश्न त्यांनीही हाताळला आहे. त्यामुळे आजच्या पुस्तकांना मोजण्यासाठी लागणारी मापे आपल्या घरातच आहेत.

या पुस्तकांतील सल्ला बरोबर की चूक, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न नाही. कोणत्याही उपदेशामागे एक गृहीत वाचक असतो. त्याचे घर, त्याचे काम, त्याच्या हाती असलेला वेळ यांविषयी लेखकाने न सांगता काही धरून चाललेले असते. सकाळच्या शिस्तीचे लेखन आपल्या वाचकाच्या पहाटेविषयी काय धरून चालते, ही पहाट मुळात कोणाच्या मालकीची असते, याचा शोध काही निवडक संहितांच्या आधारे येथे घ्यावयाचा आहे.

दासबोधातील दिनचर्या

समर्थ रामदासांच्या (१६०८–१६८१) दासबोधात वीस दशक आणि दोनशे समास आहेत. त्यांतील अकराव्या दशकाचा तिसरा समास 'सिकवण निरूपण' हा मराठीतील दिनचर्येचा बहुधा सर्वांत नेमका आराखडा होय. प्रातःकाळी उठणे, काही पाठांतर करणे, यथाशक्ती ईश्वराचे स्मरण करणे, शौच, मुखमार्जन, स्नान, संध्या, देवतार्चन, अल्प फलाहार आणि त्यानंतर संसारधंदा, असा क्रम त्यात येतो. एका कृतीचा शेवट ही पुढच्या कृतीची खूण ठरते. आजचे लेखक ज्याला सवयींची साखळी म्हणतात ती हीच.

परंतु या समासाचे महत्त्व यादीत नाही. यादी संपल्यावर रामदास जे बोलतात ते अधिक मोलाचे आहे. ज्याचा जो व्यवसाय असेल त्यात त्याने सावध राहावे, दुश्चित माणसाला पोरसुद्धा फसविते, असे ते सांगतात. दुश्चित माणूस चुकतो, ठकतो, विसरतो, वस्तू हरवतो आणि मग आठवण झाली म्हणजे चरफडतो. मन एकाग्र असेल तर जेवणही गोड लागते, असेही ते म्हणतात. एकाग्रतेचे फळ म्हणून पदोन्नती किंवा संपत्ती न दाखविता घासाची चव दाखविणारा हा उपदेशक असामान्य खरा. जेवणानंतरचा वेळ त्यांनी वाचन, चर्चा आणि एकांतातील ग्रंथविवरण यांसाठी राखला आहे. म्हणजे सकाळचा सगळा खटाटोप शेवटी जाऊन पोहोचतो तो वाचणाऱ्या, विचार करणाऱ्या मनापाशी.

'दुश्चित' हा शब्द येथे थांबून पाहण्याजोगा आहे. आठव्या दशकातील सहावा समास रामदासांनी याच विषयाला वाहिला आहे. श्रवणाला बसलेला, पण मन भलतीकडेच असलेला श्रोता त्यात भेटतो. दुश्चितपणा, आळस आणि निद्रा ही त्रयी एकमेकींना कशी पोसते याचे त्यातील वर्णन वाचताना कोणत्याही शिक्षकाला आपला दुपारचा तास आठवावा. लक्ष विचलित होणे ही केवळ मोबाइलच्या युगाची व्याधी नसल्याचे या समासावरून ध्यानात येते. मराठीला या व्याधीचे नाव साडेतीनशे वर्षांपासून ठाऊक आहे. आपणच तो शब्द वापरातून घालविला आणि आता 'फोकस' हरवल्याची तक्रार करतो.

दुसरी लक्षणीय गोष्ट म्हणजे याच समासात दिवसाच्या मूल्यमापनाची कसोटी दिलेली आहे. एक क्षणही रिकामा जाऊ न देणे हे भाग्यवंताचे लक्षण आहे, असे रामदास म्हणतात. येथवर ते आजच्या लेखकांच्या अगदी जवळ आहेत. पण पुढे ते सांगतात की, काही मिळवावे आणि मग जेवावे, अडकलेल्या लोकांना मोकळे करावे, शरीर कोणत्या तरी कारणी लावावे. येथे वाट वेगळी होते. दिवस चांगला गेला की नाही हे दुसऱ्या कोणाची गुंतागुंत सुटली का यावरही ठरते. मराठीत आपण अजूनही 'वेळ सत्कारणी लावला' असे म्हणतो. या वाक्प्रयोगात 'कारण' आहे, म्हणजे कोणासाठी, कशासाठी हा प्रश्न आहे. त्याच्या जागी अलीकडे आलेला 'उत्पादक' हा शब्द फक्त किती निघाले एवढेच मोजतो. दोन शब्दांतील हे अंतर दोन प्रकारच्या पहाटांतील अंतर आहे.

रामदासांच्या आराखड्याचा गौरव करून थांबणे मात्र समीक्षेला शोभणारे नाही. या दिनचर्येचा कर्ता कोण आहे? संध्या, तर्पण, देवतार्चन करणारा हा गृहस्थ पुरुष आहे, आणि त्या काळाच्या चौकटीत तो विशिष्ट वर्णाचाही आहे. त्याला गोड लागणारे जेवण कोणी रांधले, त्या जेवणाचे पीठ कोणी दळले, स्नानाचे पाणी कोणी भरले, यांविषयी समास मौन पाळतो. तो पाठांतर करीत असताना त्याच घरात दुसरे कोणी तरी त्याच्याही आधी उठलेले असले पाहिजे. आयुर्वेदातही हेच दिसते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. आयुष्याच्या रक्षणासाठी ब्राह्ममुहूर्तावर उठावे, असे तो आरंभीच सांगतो, पण सांगतो ते 'स्वस्थ' माणसाला. हे विशेषण म्हणजे एक अट आहे. ब्राह्ममुहूर्ताचा दाखला देणाऱ्या आजच्या लेखनात मुहूर्त टिकला, अट मात्र बहुतेक ठिकाणी गळून पडली.

जात्यावरची पहाट

रामदासांच्या गृहस्थाआधी उठलेल्या त्या व्यक्तीची स्वतंत्र वाङ्मयीन परंपरा मराठीत आहे. ती म्हणजे जात्यावरच्या ओवीची. कोंबडे आरवण्याच्या सुमारास जात्याशी बसलेल्या बायकांनी रचलेल्या, एकीने दुसरीला, आईने लेकीला दिलेल्या या ओव्यांचे भांडार किती मोठे आहे, याची कल्पना हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावी जाऊन केलेल्या संकलनावरून येते. या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत.

सकाळच्या सवयीचा विचार करताना ओवीकडे सहसा कोणी वळत नाही. याचे कारण उघड आहे. दळण ही शिस्त म्हणून स्वीकारलेली सवय नव्हती; ते न टळणारे काम होते. दळले नाही तर भाकरी नाही. तरीही सवय आणि लक्ष यांच्या संबंधाविषयी जात्यावरची पहाट जे दाखविते ते कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकापेक्षा स्पष्ट आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात सवयीवर एक प्रकरण लिहिले. रोजच्या बारीकसारीक कृती जितक्या अधिक प्रमाणात आपोआप होणाऱ्या हालचालींच्या हवाली कराव्यात, तितकी मनाची वरची शक्ती आपल्या खऱ्या कामासाठी मोकळी राहते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. जात्याचा खुंटा धरलेला हात आणि मुठीने दाणे घालणारा दुसरा हात यांना वर्षानुवर्षांच्या सरावाने मनाच्या देखरेखीची गरज उरलेली नसते. मन मोकळे होते, आणि त्या मोकळ्या मनात ओवी येते. माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, विठ्ठल, पाऊस, दुष्काळ, असे सारे त्या मनात येऊन जाते. जात्याची घरघर ही या एकाग्रतेत अडथळा नसून तिची लय आहे.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी हा संबंध स्वतःच ओळखला होता. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. घरोटावरील आपल्या कवितेत पीठ पडणे आणि गाणे ओठी येणे या दोन क्रिया त्यांनी शेजारीशेजारी ठेवल्या आहेत. एक वर्णन आणि दुसरी उपमा, असे तेथे नाही. दोन्ही एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टी आहेत. अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीची गाणी तिच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा ती ऐकून टिपून ठेवणारे कोणी घरात होते म्हणून आपल्याला मिळाली. अशा किती पहाटा टिपल्याविना गेल्या असतील याचा हिशेब कोणी देऊ शकणार नाही.

संत जनाबाईच्या संदर्भात तर पहाटेची कल्पनाच उलटी होते. नामदेवांच्या घरी कामाला असलेल्या जनाबाईसोबत विठ्ठल दळू लागतो, पाणी भरू लागतो, केर काढू लागतो, अशी वारकरी परंपरेतील प्रतिमा आहे. रामदासांच्या क्रमात देव आधी आणि संसारधंदा नंतर, असा विभाग आहे. देवासाठी वेगळा वेळ काढणे हे त्या गृहस्थाला शक्य आहे. जनाबाईला ते शक्य नाही. म्हणून देवच तिच्या कामात येतो. 'स्वतःसाठी एक तास काढा' या आजच्या सल्ल्यापुढे ही प्रतिमा ठेवून पाहिली म्हणजे त्या सल्ल्यातील गृहीत चटकन उघडे पडते. ज्याच्याजवळ काढण्याजोगा तासच नाही त्याला हा सल्ला काय देतो? जनाबाईच्या अभंगांनी दिलेले उत्तर असे की, कामाचा वाटा उचलायला कोणी तरी येते.

या परंपरेचे स्मरणरंजन करण्याचा मोह टाळला पाहिजे. 'पूर्वी बायका पहाटे उठून दळायच्या, म्हणून निरोगी असायच्या' असली विधाने आपण समारंभांतून ऐकतो. ती करणारे बहुधा जात्यावर कधी बसलेले नसतात. ओवीतूनच हाताला आलेले फोड, अपुरी झोप आणि जात्यापाशी मोकळे केलेले दुःख यांची साक्ष मिळते. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जाते कोपऱ्यात गेले, आणि त्याबद्दल दळणाऱ्या बायकांनी शोक केल्याचे ऐकिवात नाही. शोक केला तो अभ्यासकांनी.

मराठी पहाटेचा आणखी एक विशेष येथे ओघाने नोंदवावासा वाटतो. भूपाळी, काकडआरती, दारावर येणारा वासुदेव ही सारी दुसऱ्याला जागे करण्याची रूपे आहेत. भूपाळी गाणारा देवाला उठवितो किंवा आई बाळाला उठविते. स्वतःला उठविण्यासाठी स्वतःच लावलेला गजर हे पहाटेचे फार अलीकडचे आणि फार एकाकी रूप आहे.

फ्रँकलिनचे वेळापत्रक

आजच्या पुस्तकांचे पूर्वज शोधू गेल्यास वाट अमेरिकेकडे, बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्राकडे जाते. त्यातील १७८४ साली लिहिलेल्या दुसऱ्या भागात तेरा सद्गुणांची यादी आणि चोवीस तासांचे वेळापत्रक आहे. पाचला उठणे, आवरणे, प्रार्थना, दिवसाच्या कामाची आखणी, वाचन, न्याहारी, आठपासून काम, दुपारी हिशेब, वाचन व जेवण, पुन्हा काम, संध्याकाळी वस्तू जागच्या जागी ठेवणे, संगीत, गप्पा आणि आत्मपरीक्षण, दहाला झोप. सकाळी तो स्वतःला विचारतो की आज मी कोणते चांगले काम करू, आणि रात्री विचारतो की आज मी कोणते चांगले काम केले. हे वेळापत्रक चित्ररूपाने जगभर फिरते.

जे फिरत नाही ते असे की, याच भागात फ्रँकलिनने हे वेळापत्रक आपल्याला नीट पाळता आले नाही असे मोकळेपणाने लिहिले आहे. तेरा सद्गुणांपैकी 'व्यवस्था' या सद्गुणाने त्याला सर्वाधिक त्रास दिला. ज्याचा वेळ ज्याच्या हाती आहे, अशा छापखान्यातील कारागिराला ते जमेल, पण ज्याला लोकांत मिसळावे लागते आणि त्यांच्या सोयीच्या वेळी भेटावे लागते, अशा मालकाला ते तंतोतंत पाळणे अशक्य आहे, हे त्याचे कारण. कारागिराच्या वेळेविषयीचा त्याचा हा समज वादग्रस्त आहे. ज्या घरात त्याचे हे वेळापत्रक चालले त्यात पत्नी डेबोरा दुकानही सांभाळीत होती आणि काही काळ गुलाम माणसेही राबत होती, हेही विसरता येत नाही. तरी सवय ही वेळेवरील मालकीशी बांधलेली आहे, एवढे त्याने जाणले आणि लिहून ठेवले.

पुढे त्याने एक गोष्ट सांगितली आहे. एकाला आपली कुऱ्हाड पात्याइतकीच सर्व अंगाने लखलखीत हवी होती. लोहार म्हणाला, करून देतो, पण सहाणेचे चाक तू फिरव. चाक फिरवून तो थकला आणि ठिपके असलेली कुऱ्हाडच आपल्याला अधिक आवडते, असे म्हणून घरी गेला. फ्रँकलिन ही गोष्ट स्वतःवर हसत सांगतो. उपदेशकाने आपल्या उपदेशाच्या मर्यादेवर हसावे, ही वृत्ती त्याच्या वारसदारांत फारशी आढळत नाही.

पाच वाजताचा नायक

रॉबिन शर्मा यांचे पुस्तक कथारूप आहे, त्यामुळे त्याला वाङ्मयीन निकष लावणे अन्यायाचे होणार नाही. आपल्याच कंपनीतून बाहेर काढली जाण्याच्या बेतात असलेली एक उद्योजिका आणि अडखळलेला एक चित्रकार एका व्याख्यानाला जातात. तेथे त्यांना भणंग दिसणारा एक माणूस भेटतो, जो प्रत्यक्षात अब्जाधीश असतो. तो त्यांना मॉरिशसला नेतो आणि समुद्रकिनाऱ्यावरील पहाटांतून दीक्षा देतो. पाच ते सहा या तासाचे वीस-वीस मिनिटांचे तीन भाग करावेत; पहिल्यात घाम येईल असा व्यायाम, दुसऱ्यात चिंतन, तिसऱ्यात अध्ययन करावे, हे त्या दीक्षेचे सूत्र.

या कथेतील पात्रांना व्यक्तित्व नाही. ती प्रश्न विचारण्यासाठी आणि भारावून जाण्यासाठी आहेत. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे कथेच्या मध्यवर्ती पहाटा घरापासून तोडलेल्या आहेत. परिवर्तन घडते ते श्रीमंताच्या अतिथीगृहात. स्वयंपाकघर, लहान मूल, आजारी सासरा, नळाला पाणी येण्याची वेळ यांपैकी काहीही त्या तासाच्या दाराशी येऊन उभे राहत नाही. उपदेशाला कथेचे रूप दिले म्हणजे उपदेशकावर एक जबाबदारी येते. सल्ला जगण्याच्या गर्दीत कसा टिकतो हे कथेने दाखविले पाहिजे. तीच परीक्षा हे पुस्तक टाळते.

हॅल एलरॉड यांच्या बाबतीत निर्णय थोडा सौम्य करावा लागतो. मौन, स्वतःशी उच्चारलेली सकारात्मक वाक्ये, मनःचित्रण, व्यायाम, वाचन आणि लेखन अशा सहा कृती त्यांनी सांगितल्या आहेत, आणि ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी प्रत्येकी एक मिनिटाची सहा मिनिटांची आवृत्तीही दिली आहे. वाचकाच्या पहाटेवर दुसऱ्यांचा हक्क असू शकतो, याची ही निदान दखल आहे. जेम्स क्लिअर यांचा भर पहाटेवर नसून परिसरावर आहे. हवी ती वस्तू समोर ठेवा, नको ती दृष्टीआड करा, आधीच्या सवयीला नवी जोडा, हे त्यांचे सांगणे व्यवहार्य आहे आणि रामदासांच्या क्रमाशी जुळणारेही. प्रश्न एवढाच की, दोन खोल्यांत सहा माणसे राहतात तेथे परिसर एकट्याने कसा रचावा.

सहासष्ट दिवसांचे गणित

या लेखनाचा विज्ञानाशी असलेला संबंधही तपासला पाहिजे, कारण त्याचे बरेचसे वजन 'संशोधनाने सिद्ध झाले आहे' या वाक्यावर उभे असते. सवय एकवीस दिवसांत लागते हा समज मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णांना किमान सुमारे एकवीस दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. त्यातील 'किमान' गेले आणि 'चेहरा'ही गेला.

त्यानंतर सहासष्ट हा आकडा आला. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हा त्याचा आधार होय. ९६ जणांनी खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एक कृती निवडून बारा आठवडे रोज त्याच प्रसंगाला जोडून केली. ती कृती आपोआप होऊ लागण्यास लागलेल्या दिवसांचे मध्यक ६६ निघाले. पण व्याप्ती होती १८ ते २५४ दिवस. अभ्यास ८४ दिवसांचाच असल्याने वरचा आकडा आलेख पुढे नेऊन काढलेला आहे. एखादा दिवस चुकल्याने सवय बनण्यात विशेष बाधा आली नाही, हे त्यातील सर्वांत दिलासादायक निरीक्षण. शर्मा यांच्या पुस्तकात या ६६ दिवसांचे बावीस-बावीसचे तीन समान टप्पे होतात. मध्यकाचा नियम झाला, व्याप्ती नाहीशी झाली. सदुसष्टाव्या दिवशीही पहाटे उठणे जड जाणारा विद्यार्थी मग दोष आकड्याला देत नाही, स्वतःच्या स्वभावाला देतो.

वयाचा मुद्दा तर याहून गंभीर आहे. माणसामाणसांतील सकाळ-संध्याकाळच्या कलाचा भेद मोजण्यासाठी हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांनी १९७६ सालीच प्रश्नावली तयार केली होती. रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांच्या २००४ सालच्या संशोधनानुसार शरीराचे घड्याळ किशोरवयात मागे मागे सरकत जाते आणि विशीच्या आसपास सर्वाधिक उशिराचे असते. नंतर ते पुन्हा लवकरकडे वळते. म्हणजे हा उपदेश ज्या वयोगटाच्या हाती प्रामुख्याने पडतो, त्याच वयोगटाच्या शरीराला तो सर्वांत कठीण आहे. चाळिशीतील वक्त्याला सहज जमणारी गोष्ट एकोणीस वर्षांच्या श्रोत्याला जमत नसेल, तर फरक निर्धाराचाच असतो असे नव्हे.

पहिल्या तासाला पोहोचण्यासाठी पाचच्या सुमारास उठून, पाणी भरून, गोठा उरकून, एस.टी. पकडणाऱ्या विद्यार्थिनी प्रत्येक ग्रामीण महाविद्यालयात आहेत. त्या 'फाइव्ह एएम क्लब'च्या जन्मजात सभासद आहेत, पण त्या पुस्तकाच्या भाषेत त्यांची पहाट मोजलीच जात नाही. त्यांपैकी कोणी ते पुस्तक वाचते तेव्हा आपण पाचला उठतो याचा तिला अभिमान वाटत नाही. आपण पाचला उठून 'काहीच' करीत नाही, असे वाटते. वर्गातील चर्चेत हे वाक्य मी एकाहून अधिक वेळा ऐकले आहे. गोठा आणि पाणी यांना 'काहीच' म्हणायला शिकविणाऱ्या लेखनाची समीक्षा व्हायला हवी ती याच जागी. अशा विद्यार्थिनीला बसमधील पाऊण तास अधिक उपयोगी पडेल. जागा, वेळ आणि प्रसंग रोज तेच असल्यामुळे लॅली यांच्या अभ्यासातील अट तेथे आपोआप पूर्ण होते. वाचलेले आठवणे, एखादे पान पाठ करणे हे तेथे जमते, आणि रामदासांच्या यादीतही उठल्यावर पहिले येते ते पाठांतरच. त्याला चटई लागत नाही, खोली लागत नाही, बसायला जागा मिळाली नाही तरी चालते.

भारतातील वेळवापराच्या राष्ट्रीय सर्वेक्षणांतून पहाटेच्या मालकीचा अंदाज येतो. २०१९ च्या सर्वेक्षणानुसार घरातील माणसांसाठीच्या बिनमोबदला घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या, आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. जात्यावरची पहाट संपली ती कोणी सवय बदलल्यामुळे नव्हे. गावात गिरणी आल्यामुळे. पाठोपाठ कोठे नळ आला, कोठे गॅस आला आणि त्या त्या घरातील पहाट त्या त्या प्रमाणात मोकळी झाली. २०२४ च्या सर्वेक्षणात स्त्रियांचा आकडा २८९ मिनिटांवर आला आहे. पाच वर्षांत दहा मिनिटे, म्हणजे शर्मा यांच्या सूत्रातील एका भागाचा अर्धा हिस्सा. त्याच काळात पुरुषांचा आकडाही ९७ वरून ८८ वर उतरला. तेव्हा ही दहा मिनिटे घरातील दुसऱ्या कोणी काम वाटून घेतल्यामुळे मिळाली, असे म्हणायला आधार नाही.